सुरांचा सेतू

पूल म्हटलं की आपल्यासमोर वांद्रे-वरळी सागरी सेतू उभा राहतो. 2009 साली खुला झाला, लांबी 5.6 किलोमीटर. पण वांद्र्याच्या माणसांनी त्याच्या कितीतरी आधी एक पूल बांधला होता. त्याला ना सिमेंट लागलं, ना केबल.

फाळणीनंतर अवघ्या पाच वर्षांनी, 1952 मध्ये, 'बैजू बावरा' आला. त्यातलं मालकंसातलं भजन लिहिलं शकील बदायुनी यांनी, चाल नौशाद यांची, आवाज मोहम्मद रफींचा. तिघेही मुसलमान. नौशाद आणि रफी यांची घरं वांद्र्यातच. याच चित्रपटात उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर यांची जुगलबंदी आहे. पुढे रफी मराठीतही गायले, श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर. हे श्रीकांतजी म्हणजे बाळासाहेबांचे धाकटे बंधू!

मग प्रश्न पडतो, पूल एवढा भक्कम होता तर डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई का पेटली? सुमारे 900 माणसं गेली. बेहरामपाडा आपल्या स्टेशनला लागूनच आहे. ती गाणी तर घराघरांत पाठ होती.

मला वाटतं, आपण ऐकणं आणि एकत्र वाजवणं यात गल्लत करतो. ऐकायला समोरचा माणूस लागत नाही, वाजवायला लागतो. 1999 मध्ये डॅनियल बॅरेनबॉइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांनी जर्मनीतल्या वायमारला इस्रायली आणि अरब तरुणांना एका वाद्यवृंदात बसवलं. त्याने युद्ध थांबलं नाही. पण शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय आपला सूर लागत नाही, एवढं त्या मुलांना रोज अनुभवावं लागलं.

आमच्या मजल्यावर गेल्या गॅदरिंगआधी मॅचवरून दोन रूममध्ये अबोला होता. एकाकडे तबला, दुसऱ्याकडे पेटी, आणि बसवायचं होतं नेमकं तेच भजन. पहिले दोन दिवस "पट्टी कुठली?" "काळी दोन." एवढाच संवाद. तिसऱ्या रात्री पेटीवाल्याला उशीर झाला, तर तबलजीने मेसमध्ये त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. मॅचबद्दलची मतं दोघांचीही आजतागायत तीच आहेत!

पूल बांधून भागत नाही, त्याची देखभाल करावी लागते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. यंदा तानपुऱ्यावर बसायला माणूस हवाय. रात्री नऊनंतर कॉमन रूममध्ये या.