बारा आण्याचा मसाला

कॉम्प्युटरचे झाकण न उघडता मी त्याच्यासाठी सामान आणायला नागपूरला गेलो. पुढचे सगळे त्यातूनच झाले.

माझे काम लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचे. गोंदियाजवळ फुलचूरला घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलेले आहे. तुळशीचे लग्न लागले की कामाचा रेटा सुरू होतो, तो थेट मृग लागेपर्यंत. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला एक ब्रँडेड कॉम्प्युटर मी ११ हजारांत घेतला होता. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, कुरकुरणारी हार्ड डिस्क. आधी एसएसडी टाकली, रॅम ८ जीबी केली आणि मशीन पळायला लागले. तिथेच हात आखडला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पुढे गिऱ्हाईक फोर-के मागू लागले आणि टाइमलाइन अडकू लागली. ग्राफिक्स कार्ड टाकायचे ठरवले, सकाळची महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून नागपूरची बर्डी गाठली. वापरलेले जीटीएक्स १०६० साडेसहा हजारांना मिळाले. घरी येऊन बघतो तर कार्डाला सहा पिनांची वेगळी वीज लागते आणि माझ्या एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, तशी तारच निघत नाही. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. हे कार्ड १२० वॅट खाणारे. एसएमपीएसच पुरता ३०० वॅटचा नव्हता.

मग नवा ४५० वॅटचा एसएमपीएस आणला. त्याचा मोठा कनेक्टर २४ पिनांचा, माझ्या बोर्डावर जागा ८ पिनांची. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले, त्यामुळे असेंबल केलेल्या मशीनमध्ये कुणाचाही एसएमपीएस कुणाच्याही बोर्डाला चालतो. ब्रँडेड मशीनवाले मात्र आपापला सवतासुभा मांडून बसतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेलने तर कनेक्टर बाहेरून नेहमीचाच ठेवून आतल्या तारांच्या जागा बदलल्या होत्या. बाजारातला एसएमपीएस लावला की बोर्ड जळायचा. हे मला फार उशिरा कळले. कारण तोवर मी ३५० रुपयांची एक जोडतार लावून बटण दाबले होते.

आवाज झाला नाही. नुसता वास आला.

गोंदियातल्या दुरुस्तीवाल्या पोराने बोर्ड हातात धरून उलटापालटा केला. ‘‘भाऊ, ही तार दुसऱ्या कंपनीच्या मशीनची. पिना सारख्या दिसतात, वीज सारखी नसते.’’ बोर्ड गेला होता. नवा बोर्ड त्या कॅबिनेटात बसेना. भोकांची जागा वेगळी, पुढच्या बटणाची तार वेगळी. म्हणून कॅबिनेट घेतले. चौथ्या पिढीचा नवा बोर्ड मिळेना, म्हणून प्रोसेसरही घेतला. त्याला डीडीआर-४ रॅम हवी. माझी डीडीआर-३, तिची खाचच वेगळ्या जागी. विंडोजचा परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला, तोही त्याच्याबरोबर गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. मसाला वाटून झाल्यावर कोंबडीही बदलावी लागते, हे तिच्यात नाही.

एवढे होऊनही तयार मशीन घेऊच नका, असे मी म्हणणार नाही. ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, दुकानाचा हिशोब यांना ते पुरून उरते. त्यात एसएसडी आणि रॅम बेलाशक टाका. एवढ्याला एसएमपीएस कुरकुरत नाही. फक्त रॅम कोणत्या पिढीची लागते ते बघा. ग्राफिक्स कार्ड हवेच असेल तर वेगळी तार न लागणारे, ७५ वॅटच्या आतले बघा, आणि कॅबिनेट अरुंद असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी मागा. यापुढे जायचे असेल तर असेंबलच करा. एकदम पैसे नसतील तर कॅबिनेट, एसएमपीएस आणि बोर्ड चांगला घ्या, कार्ड पुढच्या सीझनला घ्या.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटवर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ असतील तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः तेवढ्यावरच जगतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर मी त्यातलेही थोडे हातचे राखतो. राईस मिलच्या गावात कोंड्याची धूळ पंख्यात बसतेच. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरगर फिरून बिघडतो. घराला अर्थिंग आहे का, तेही एकदा वायरमनकडून बघून घ्या.

सेकंडहँड घेणाऱ्यांना आणखी एक सांगायचे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या बहुतेक प्रोसेसरना अधिकृतपणे चालत नाही. चौथ्या पिढीचे मशीन आज कुणी स्वस्तात देत असेल तर ते का देतोय, हे ध्यानात घ्या.

जुने कॅबिनेट अजून माझ्या टेबलाखाली आहे. आतला मूळ एसएमपीएस ठणठणीत आहे. कुणाचा तसाच असेल आणि जळाला असेल तर फुकट घेऊन जा. पण येताना आपल्या मशीनचे झाकण उघडून कनेक्टरचा फोटो काढून आणा. त्याशिवाय मी देणार नाही.