हुकूमनाम्याच्या पुढचे

भुसावळ

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. साडेचार लाखांची नवती केळी, व्यापारी बऱ्हाणपूरचा, चेक वटला नाही, आणि तुझा प्रश्न एवढाच, की पोलिसांत जाऊ की दावा लावू? बँकेने चेक परत केल्याची तारीख मात्र तू लिहिलीच नाहीस. आधी ती कळव, कारण मुदत तिथूनच चालू होते. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली पाहिजे. ती त्याला मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस. तेवढ्यात दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कलम 138 खाली फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते, नोटिशीच्या उशिराला मात्र माफी नाही. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील, तर तो पुन्हा बँकेत टाकून नवी नोटीस देता येते. पण त्या भरवशावर राहू नकोस.

बऱ्हाणपूरला खेटे घालावे लागतील ही भीती काढून टाक. 2014 साली सुप्रीम कोर्टाने दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात सांगितले होते, की चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावीच केस चालवावी. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. आता तू चेक ज्या खात्यात भरलास ते खाते ज्या शाखेत आहे, तिथले कोर्ट. तुझे खाते सावद्याला, म्हणजे केस रावेरला.

पोलिसांचे म्हणशील, तर माल उचलतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवता आले तर फसवणुकीचा गुन्हा होतो. ज्याने दोन हंगाम चोख पैसे दिले आणि तिसऱ्याला टांग मारली, त्याच्याबाबत ठाण्यात "हे दिवाणी आहे" असे सांगून वाटेला लावतात. त्यात ते फारसे चुकत नाहीत.

आता एक लक्षात घे. 138 च्या केसमध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. केस चालू असतानाच चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला लावायचा अधिकार 2018 पासून कोर्टाला आहे. मात्र ते कोर्टाच्या मर्जीवर आहे. हे सगळे दडपण आहे, वसुली नव्हे. त्याच्या जोडीला दिवाणी दावा लागतोच. त्याची मुदत तीन वर्षे, आणि उधारीची मुदत ठरलेली नसेल तर ती प्रत्येक गाडीच्या तारखेपासून वेगळी मोजतात. व्हॉट्सअॅपवरच्या "देतो, देतो"वर विसंबू नकोस. बाकी अमुक इतकी आहे असे हिशेबाच्या कागदावर लिहून खाली त्याची सही घे. मुदत संपण्याआधी अशी सही मिळाली, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात.

माझी सगळी नोकरी कोर्टाच्या नाझर खात्यात गेली. हुकूमनाम्याची नक्कल हातात आली की लोक पेढे वाटायचे. मला वाटायचे, अरे, आता तर सुरुवात आहे! हे काही माझेच म्हणणे नाही. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच म्हटले होते. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा असे बजावले, आणि 2025 मध्ये देशभरचा हिशेब मागवला तेव्हा आठ लाखांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचे दिसले. हुकूमनाम्याला बारा वर्षांचे आयुष्य असते. ऋणको ती वर्षे मजेत काढतो.

असे का होते? बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन जातो तेव्हा त्याला माहीत असते फक्त नाव आणि पत्ता. कोणती वस्तू कोणाची हे दाखवायला धनकोला सोबत जावे लागते. सूर्य मावळल्यावर राहत्या घरात शिरता येत नाही. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही. ऋणको शेतकरी असेल तर त्याची औते, बैल, राहते घरही सुटते. दारातला ट्रक भावाच्या नावावर, दुकान बायकोच्या नावावर. मग पंचनाम्यात "जप्तीयोग्य मालमत्ता आढळली नाही" एवढेच लिहून बेलिफ परत. ऋणकोला दिवाणी तुरुंगात घालता येते, पण नुसते पैसे नाहीत म्हणून नव्हे. ऐपत असून देत नाही, हे सिद्ध करावे लागते. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी 1980 मध्येच ते ठरवून टाकले आहे.

म्हणून दावा लावायच्या आधी शोध घे. गेल्या हंगामात त्याने आरटीजीएस केले तेव्हाचे खाते तुझ्या पासबुकात आहे. बँक खात्याची जप्ती ही सगळ्यांत स्वच्छ जप्ती. त्याचा माल दिल्लीत कोणत्या आडत्याकडे उतरतो ते ड्रायव्हरकडून कळेल. आडत्याकडून त्याला येणे असलेली रक्कमही कोर्ट अडकवू शकते. रावेर तालुक्यात त्याने जमीन घेतल्याची बोलवा आहे, तर सातबारा पाहा, दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स टू काढ. तो मालमत्ता विकायच्या घाईत दिसला, तर निकालाआधीच जप्ती मागता येते, फक्त पुरावा हवा. बऱ्हाणपूरची मालमत्ता असेल तर हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यायचा. निकालानंतरही तो पैसे देईना, तर त्याच्याकडून मालमत्तेचे शपथपत्र मागायला वकिलाला सांग. ते न देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत आत टाकता येते, आणि तरी हा अर्ज करायचे निम्मे वकील विसरतात.

लोकअदालतीत तो हप्त्यांवर आला तर थोडे सोडून दे, पण हप्त्यांच्या तारखा तडजोडीत लिहून घे. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. पैसे वसूल करून देतो म्हणणारे दोन-चार दादा सावद्याच्या बसस्टँडवर तुला भेटतील. त्यांच्या नादी लागलास तर फिर्यादीचा आरोपी होशील.

पतसंस्थेचे तुझ्याकडे थकले, तर ती सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुलीचा दाखला आणून तुझ्या शेतावर बोजा चढवते. तुझे कोणाकडे थकले, तर तुला दावा, दरखास्त आणि बेलिफ. हे मला नोकरीभर खटकत आले. त्यात 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला. बांधावरून गाडी भरायची मोकळीक मिळाली, आणि बाजार समितीचा धाकही गेला. कांदेबागाची कापणी सुरू होईल तेव्हा निम्मे पैसे गाडी हलण्याआधी खात्यात घे, काट्याच्या पावतीवर भाव लिहून त्याच्या माणसाची सही घे. बोर्डभावापेक्षा शंभर रुपये जास्त देतो म्हणणाऱ्याला तर उधार देऊच नकोस.

रविवारी इकडे ये. येताना चेक, बँकेचा मेमो, काट्याच्या पावत्या आणि पासबुक आण. नोटिशीचा मसुदा दोघे मिळून पाहू, मग सोमवारी वकिलाकडे. आक्काला नमस्कार सांग.

तुझा मामा