वाळवंटातले ब्रिटिश रणगाडे : चाकं मोजा, नाव नको!

होस्टेलच्या टीव्हीवर युद्धपट लागला आणि पडद्यावर वाळू उडवत रणगाडा आला, की दोन गट पडतात. एक म्हणतो, "क्रुसेडर!" दुसरा म्हणतो, "हट्, माटिल्डा!" मग सिनेमा बाजूला राहतो आणि वाद रंगतो. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे माझी नजर आधी चाकांवर आणि रेडिएटरवर जाते. याच सवयीतून मी ओळखायची एक सोपी पद्धत बसवली आहे, ती इथे मांडतो. आपला काळ जून १९४० ते मे १९४३, प्रदेश इजिप्त, लिबिया आणि ट्युनिशिया.

पहिला धडा : नावावर विसंबू नका

ब्रिटिशांनी रणगाड्यांना दोन-तीन प्रकारचे क्रमांक एकाच वेळी दिले. 'ए-१३' हा आराखड्याचा क्रमांक आणि 'क्रूझर मार्क ४' हा सैन्यातला क्रमांक. आता गंमत बघा. 'क्रूझर मार्क ३' म्हणजे ए-१३ चा पहिला मार्क. पण 'ए-१३ मार्क ३' म्हणजे क्रूझर मार्क ५, अर्थात कव्हेनंटर! दोन्हीकडे 'मार्क ३' लिहिलेलं, यंत्रं मात्र वेगळी. ड्रॉइंग नंबर आणि पार्ट नंबर यांची गल्लत झाल्यावर वर्कशॉपमध्ये काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच.

माटिल्डाचंही तेच. ए-११ हा छोटा, दोन माणसांचा, फक्त मशीनगनचा रणगाडा. तो मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये अरासला लढला, वाळवंटात नाही. वाळवंट गाजवला तो ए-१२ ने, म्हणजे माटिल्डा २ ने. नुसतं 'माटिल्डा' म्हटलं की बहुतेक वेळा हाच समजायचा.

रंगावरही जाऊ नका. १९४०-४१ मध्ये तिरप्या सरळ पट्ट्यांचा तीनरंगी 'काउंटर' रंग वापरात होता हे खरं, पण संग्रहालयात कुठल्याही गाड्याला कुठलाही रंग देता येतो. रंग बदलतो, चाकं बदलत नाहीत.

दुसरा धडा : एका बाजूची चाकं मोजा

(अ) चाकं दिसतच नाहीत, बाजूला जाड चिलखती झडप आणि तिच्यात चिखल पडायला भोकं : माटिल्डा २. चिलखत जास्तीत जास्त ७८ मि.मी., वेग रस्त्यावर ताशी साधारण १५ मैल. सुरुवातीच्या गाड्यांत बसला वापरतात तशी दोन डिझेल इंजिनं शेजारी शेजारी बसवली होती.

(आ) सहा चाकं, तीन-तीनच्या दोन संचांत, पहिलं आणि शेवटचं मोठं : इथे तीन उमेदवार आहेत, कारण तिन्ही व्हिकर्स कंपनीच्या एकाच घराण्यातले. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना मशीनगनचे दोन छोटे बुरूज असतील तर ए-९ (क्रूझर मार्क १). छोटे बुरूज नाहीत, पण गाडा उंच आणि पेटीसारखा असेल तर ए-१० (क्रूझर मार्क २). बऱ्याच ए-१० मध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक मशीनगनही असते. गाडा बुटका आणि आटोपशीर, ड्रायव्हर मध्यभागी एकटाच, तर व्हॅलेंटाइन. तो नोव्हेंबर १९४१ च्या लढाईपासून दिसू लागतो आणि थेट ट्युनिशियापर्यंत टिकतो.

(इ) चार लहान चाकं, दोन-दोनच्या जोड्यांत, तोफेऐवजी मशीनगन : लाइट टँक मार्क ६. १९४० मध्ये वाळवंटात यांचीच गर्दी होती. चिलखत जेमतेम १४ मि.मी.

(ई) चार मोठी चाकं : ए-१३ चं घराणं. ही ख्रिस्ती पद्धत, म्हणजे प्रत्येक मोठ्या चाकाला स्वतंत्र स्प्रिंग, त्यामुळे वेग ताशी ३० मैलांपर्यंत. बुरुजाच्या बाजू आडव्या 'व्ही'सारख्या बाहेर आलेल्या असतील तर क्रूझर मार्क ४, आणि हा वाळवंटात भरपूर लढला. पण गाडा फार बुटका आणि पुढे ड्रायव्हरशेजारी हवेसाठी झापड्या असतील तर तो कव्हेनंटर. मग लढाईचा फोटो वाळवंटातला नव्हेच.

(उ) पाच मोठी चाकं : क्रुसेडर, अर्थात ए-१५ किंवा क्रूझर मार्क ६. जून १९४१ च्या 'बॅटलअ‍ॅक्स' मोहिमेत तो पहिल्यांदा लढला.

म्हणजे क्रुसेडर की कव्हेनंटर, हा वाद चार की पाच एवढ्यावर मिटतो. एक अपवाद तेवढा लक्षात ठेवा. १९४२ मध्ये अल अलामेनच्या आधी शत्रूला फसवायला अनेक रणगाड्यांवर लॉरीच्या आकाराचे सांगाडे आणि कापड चढवले होते. तेव्हा 'लॉरी'खालीही चाकं बघा!

तिसरा धडा : तोफ बघा

चाकांवरून घराणं कळतं, तोफेवरून उपप्रकार. बारीक नळी म्हणजे टू-पाउंडर (४० मि.मी.). लांब, जाड नळीचा क्रुसेडर म्हणजे क्रुसेडर ३, सिक्स-पाउंडरवाला (५७ मि.मी.). मोठ्या तोफेला जागा हवी म्हणून त्यात माणसं कमी करून तीन ठेवली, त्यामुळे कमांडरलाच तोफ भरायचं कामही आलं. ए-९ किंवा ए-१० वर आखूड, जाडजूड नळी दिसली तर ती ३.७ इंची हॉवित्झर, म्हणजे 'क्लोज सपोर्ट' प्रकार.

टू-पाउंडर त्या काळी चिलखत भेदायला बरी होती, पण रणगाड्यांना तिचे भरीव गोळेच मिळत, स्फोटक नव्हेत. समोर खड्ड्यात लपलेली जर्मन तोफ असेल तर भरीव गोळा थेट तिच्यावर बसायला हवा, नाहीतर वाया. याची किंमत आत बसलेल्या पोरांनी मोजली.

कव्हेनंटर का गेला नाही?

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कव्हेनंटर १,७०० हून अधिक बनले, तरी तोफेचा रणगाडा म्हणून तो एकाही लढाईत उतरला नाही. कारण शत्रू नव्हता, कारण होतं कूलिंग! गाडा बुटका करायचा म्हणून मागे आडवं, चपटं १२ सिलिंडरचं इंजिन बसवलं. रेडिएटरला मागे जागा उरली नाही, तो पुढे ड्रायव्हरशेजारी नेला. गरम पाण्याचे पाइप माणसं बसतात त्याच भागातून गेले. इंजिन तापणार आणि माणसंही तापणार. युद्धाच्या घाईत नमुना तयार होण्याआधीच कागदावरून ऑर्डर दिलेली. शेवटी ते बहुतेक इंग्लंडमध्येच प्रशिक्षणासाठी राहिले.

क्रुसेडर गेला, पण त्याचंही सुख नव्हतं. त्याचं लिबर्टी इंजिन मुळात १९१७ चं विमानाचं. ते बुटक्या गाड्यात बसवताना पंखे आणि वॉटर पंप यांची रचना बदलली. पंखे चेननं फिरत. वाळूत चेन झिजे, पंप गळे. लढाईआधीच अनेक गाडे वाटेत बंद पडत. हळू चालणारे माटिल्डा आणि व्हॅलेंटाइन त्या मानानं भरवशाचे ठरले.

आपला संबंध

९ डिसेंबर १९४० ला निबैवाच्या इटालियन तळावर माटिल्डा घुसले, तेव्हा त्यांच्याबरोबर चौथ्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ होतं. इटालियन तोफांचं त्या चिलखतापुढे काही चाललं नाही. दीड वर्षानं चित्र पालटलं. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं, त्या वेळी आत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. ब्रिटिश रणगाडेही आत होते, पण ते तोब्रुक वाचवू शकले नाहीत. आपल्याकडचे कितीतरी जवान तिथे युद्धकैदी झाले. चेन, पंप, गोळा या आपल्याला परीक्षेपुरत्या वाटणाऱ्या गोष्टी, तिथे त्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

अहिल्यानगरच्या (पूर्वीचं अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये माटिल्डा आणि व्हॅलेंटाइन दोन्ही आहेत. पुढच्या सुट्टीत ग्रुप काढून जरूर जा. माटिल्डाच्या झडपेवरची भोकं बघा, व्हॅलेंटाइनची सहा चाकं मोजा आणि पाटी सर्वांत शेवटी वाचा. आणि टीव्हीसमोर पुन्हा वाद पेटला, तर एवढंच विचारा : "चाकं किती मोजलीस रे?"