कुसळ पिकल्यावर कुत्र्यासोबत डोंगरवाट

अजिंठ्याच्या डोंगररांगेचा काही भाग जालना जिल्ह्यात येतो, भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांच्या उत्तरेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथले उतार पिवळे पडतात, ओढ्यांत अजून पाणी असते आणि पहाटे गारवा जाणवू लागतो. जाळीचा देव, धावडा या बाजूला भटकायला हेच दिवस छान. मात्र याच दिवसांत कुसळही पिकते.

जालना शहरातल्या एका शिक्षिकेने याचा अनुभव घेतला आणि तो इतर कुत्रा पाळणाऱ्यांच्या कामी यावा म्हणून सांगितला. त्यांचा झुपकेदार केसांचा कुत्रा टेकडीवरच्या गवतात मनसोक्त हुंदडला. घरी आल्यावर तो पुढचा पंजा सारखा चाटू लागला. काटा काही दिसेना, म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. काही दिवसांनी बोटांच्या बेचक्यात गाठ आली, पू वाहू लागला. डॉक्टरांनी भूल देऊन जखम उघडली, तेव्हा आतून कुसळ निघाले. शिरले होते त्याच्या बरेच वर.

कुसळी गवताच्या दाण्याचे टोक सुईसारखे असते आणि त्यावरचे राठ केस मागे वळलेले असतात. शेपटासारखा लांब केसर ओल लागली की उलगडतो आणि वाळला की पुन्हा पिळतो. या फिरण्यानेच दाणा जमिनीत स्वतःला रोवून घेतो. कुत्र्याच्या अंगातही तो असाच पुढे सरकतो, मागे येत नाही. माणसाच्या पायमोज्यात अडकलेले कुसळ टोचते आणि कळते. दाट केसांखाली ते कळतच नाही. पंजा, कान, नाक आणि डोळा या त्याच्या नेहमीच्या जागा.

म्हणून डोंगरावरून उतरल्यावर, गाडीत बसण्याआधीच, कुत्र्याला आडवे करून बोटांच्या बेचक्या, कानाची पाळी, काखा आणि जांघा बोटांनी चाचपाव्यात. गोचिडही याच वेळी सापडतात. निघण्याआधी पंजांमधले केस कातरून घेतले तर निम्मे काम हलके होते. कुत्रा डोके एका बाजूला झुकवून कान झटकत असेल, एकाएकी शिंकांवर शिंका देत असेल किंवा एक डोळा मिटून बसला असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. कानात तेल घालू नये, चिमट्याने खोल कोरू नये. अर्धे तुटलेले कुसळ शोधणे फार कठीण जाते.

दुसरा धोका उन्हाचा. पहाट गार असली तरी ऑक्टोबरच्या दुपारी काळा कातळ चांगलाच तापतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले की जीव धोक्यात येतो. तोल जाऊ लागला, लाळ दाट झाली, तर सावलीत नेऊन साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि मग दवाखाना गाठावा. त्याच्यासाठी पाणी वेगळे बाळगावे. साचलेल्या डबक्यातले पाणी पाजू नये, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

आणि पट्टा सोडू नये, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. डोंगराच्या पायथ्याशी कपाशी आणि तूर उभी असते; बांधावर फवारणीचे उरलेले पाणी असू शकते, कुठे रानडुकरांसाठी झटक्याची तार ओढलेली असते. मेंढपाळाचा कळप दिसला तर लांबून वळसा घ्यावा. बिबट्याची भीतीही पोकळ नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेला कुत्र्याला घेऊन डोंगरात राहू नये.

रांगेत पुढे, कन्नडच्या बाजूला, गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते १९८६ साली घोषित झाले. तिथला बेत असेल तर कुत्र्याला घरीच ठेवा. तो रानातल्या प्राण्यांमागे धावतो आणि डिस्टेंपरसारखा रोग त्यांच्यापर्यंत पोचवू शकतो.