शाळेस जाण्यास भिणारे मूल

सकाळी पोट दुखते व रविवारी दुखत नाही, अशा मुलास पुष्कळ पालक आळशी समजतात. आमच्या मते ही समजूत बरोबर नव्हे. भयानेही पोट खरोखरच दुखते. कोणास अक्षर लागत नाही, कोणास वर्गातील गलबला सहन होत नाही. म्हणून रागावण्यापूर्वी कारण शोधावे, वर्गशिक्षकांस भेटावे व आरंभी एकदोन तासच बसवून वेळ हळूहळू वाढवावा. वाचनलेखनातील अशी विशिष्ट अक्षमता सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाविष्ट आहे. तिचा दाखला असल्यास परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मिळू शकतो. तो मागण्यात कमीपणा कसला? विद्यार्थीमित्रहो, असा सोबती बऱ्याच दिवसांनी वर्गात आला, तर त्यास हसू नका. आपल्या बाकावर जागा द्या.