होशंगाबादचा विज्ञान-प्रयोग : तीस वर्षांचा एक धडा

कलाशाखेच्या वार्षिकात विज्ञानशिक्षणावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी कितीतरी जण पुढे शिक्षक होतात. गावातील शाळेत शिक्षक कमी असले की मराठी, इतिहास शिकविणाऱ्यावरच विज्ञानाचा तासही येऊन पडतो. तेव्हा हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. मी स्वतः अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. शासन शिक्षणावर जो खर्च करते त्यातून नेमके काय हाती लागते, याचा विचार करताना मध्य प्रदेशातील ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमा’ची माहिती माझ्या वाचनात आली. तिचा परिचय करून द्यावा आणि तीतून मला काय उमगले ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चार विषयांना मिळून आज ‘स्टेम’ असे म्हणतात. सरकारी शाळांतून हे विषय सुधारावेत म्हणून निरनिराळी राज्ये योजना आखतात. बहुतेक योजनांचा भर साहित्यावर असतो. प्रयोगशाळा बांधावी, पेट्या वाटाव्यात, संगणक द्यावेत. केंद्र शासनानेही २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ या नावाने देशभरच्या शाळांत अशा प्रयोगखोल्या उघडल्या आहेत. साहित्य हवे, यात वाद नाही. परंतु साहित्य आले की विज्ञान आले असे होते का? होशंगाबादचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार उपयोगी पडतो.

आरंभ

होशंगाबाद हा नर्मदाकाठचा जिल्हा. २०२२ साली त्याचे नाव नर्मदापुरम् असे झाले. १९७२ मध्ये या जिल्ह्यातील सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी हा कार्यक्रम सुरू झाला. पुढाकार दोन स्वयंसेवी संस्थांचा होता : रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळची किशोर भारती. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून खेड्यात आले होते. टाटा संस्थेतील आणि पुढे दिल्ली विद्यापीठातील अनेक शास्त्रज्ञ व प्राध्यापक या कामात सामील झाले.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, संस्थांनी स्वतःची वेगळी आदर्श शाळा काढली नाही. शाळा सरकारी, शिक्षक सरकारी, मुले गावातील शेतकऱ्यांची व मजुरांची. राज्य शासनाने परवानगी दिली आणि नेहमीच्या शाळेतच नवे विज्ञान शिकवून पाहण्याचे ठरले. सहा वर्षांनी, म्हणजे १९७८ मध्ये, शासनाने तो संपूर्ण जिल्ह्यात लागू केला आणि शाळांची संख्या दोनशेच्या वर गेली. १९८२ मध्ये हे काम पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर इतर जिल्ह्यांतही काही शाळा निवडून कार्यक्रमाची पेरणी करण्यात आली. शेवटी शेवटी तो सुमारे १००० शाळांत आणि सुमारे एक लाख मुलांपर्यंत पोहोचला होता.

पुस्तक

या वर्गांसाठी ‘बालवैज्ञानिक’ नावाची पुस्तके तयार झाली. ती उघडून पाहिली तर आपण गोंधळून जाऊ. त्यांत व्याख्या क्वचितच सापडतात, ठळक अक्षरांतले निष्कर्ष नाहीत, धड्याखाली पाठ करण्याची उत्तरेही नाहीत. हे करून पाहा, काय दिसले ते वहीत लिहा, तक्ता भरा, आता या प्रश्नाचा विचार करा, अशी त्यांची रचना आहे. मुले चौघाचौघांच्या टोळ्या करून प्रयोग करीत.

एक उदाहरण घेऊ. ‘जड़ और पत्ती’ हा एक धडा आहे. आपण शाळेत असताना फळ्यावरून उतरवून घेतले होते की, ज्या वनस्पतींच्या पानांतील शिरा समांतर असतात त्यांची मुळे तंतुमय असतात, आणि ज्यांच्या पानांत शिरांचे जाळे असते त्यांना सोटमूळ असते. होशंगाबादच्या मुलांना हे कोणी सांगत नसे. ती शेतात, बांधावर जात, गवत आणि निरनिराळी रोपटी मुळासकट उपटून आणीत. पानाच्या शिरा कशा, मूळ कसे, याचा तक्ता करीत. तक्ता मोठा झाला की त्यातील संबंध त्यांचे त्यांनाच दिसे. मग कोणी तरी विचारी, ‘हे पान पाहिले, आता याचे मूळ उपटण्यापूर्वी सांगता येईल का?’ नियमाचा उपयोग काय, हे त्या क्षणी मुलाला कळत असे. तोच नियम आमच्या वहीतही होता. पण तो कोठून आला याचा आम्हांला पत्ता नव्हता.

दुसरे उदाहरण मोजमापाचे. एकाच बाकाची लांबी वर्गातील सर्व मुलांनी मोजली तर सर्वांची उत्तरे सारखी येत नाहीत. नेहमीच्या वर्गात गुरुजी एक उत्तर बरोबर ठरवून बाकीची खोडतात. या पुस्तकांत त्या फरकालाच विषय केले आहे. मोजमापात चढउतार होतोच, मग खऱ्या लांबीच्या जवळ कसे जायचे? ‘संयोग और संभाविता’ या धड्यात मुले नाणे उडवून छापकाट्याची नोंद करीत आणि साऱ्या वर्गाच्या नोंदी एकत्र करून पाहत. आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात संख्याशास्त्र शिकतो तेव्हा जे कळावयास जड जाते, त्याचे बीज तेथे आठवीच्या मुलांच्या हाती येत होते.

साहित्य साधे आणि स्वस्त असावे असा कटाक्ष होता. येथे आपल्या पुण्याचा एक धागा जुळतो. अरविंद गुप्ता हे पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंते होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन या कार्यक्रमात काही काळ राहिले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून त्रिकोण, चौकोन, घन अशा आकृत्या करण्याची त्यांची कल्पना तेथेच आकारास आली. काड्यांचा चौकोन दाबला तर लवतो, त्रिकोण मात्र लवत नाही. घराच्या कैचीत आणि पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला हातांनी कळते. पुढे पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले.

शिक्षक

आता ज्या भागाने माझे लक्ष सर्वाधिक वेधले, त्याकडे वळतो. या शाळांतील अनेक शिक्षकांनी विज्ञानाची पदवी घेतलेली नव्हती. त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाई. प्रशिक्षण म्हणजे व्याख्याने नव्हेत. मुलांनी करावयाचे सर्व प्रयोग शिक्षकांनी स्वतः, टोळ्या करून, वहीत नोंदी ठेवून करावयाचे. प्रयोग फसला तर का फसला यावर चर्चा व्हायची. विद्यापीठातील प्राध्यापक शेजारी बसून तोच प्रयोग करीत आणि कित्येकदा तेही अडत. गुरुजींच्या मनावरचे दडपण त्यामुळे नक्कीच उतरत असेल.

प्रशिक्षण संपले की शिक्षकाला वाऱ्यावर सोडले जात नसे. दर महिन्याला परिसरातील शिक्षकांची बैठक होई. कोणी तरी शाळेत येऊन वर्ग पाही. तपासणीसाठी नव्हे, तर मदतीसाठी. शिक्षकांच्या सूचनांवरून पुस्तकांत दुरुस्त्या झाल्या आणि पुढे अनुभवी शिक्षकच नव्या शिक्षकांना शिकवू लागले. मुलांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्राने प्रश्न विचारीत आणि त्याच्या नावाने त्यांना उत्तरे जात.

परीक्षा

पुस्तक बदलले, शिक्षक तयार झाले, पण परीक्षा जुनीच राहिली तर काय होईल? शेवटच्या दोन महिन्यांत शिक्षक उत्तरे लिहून देतील आणि मुले ती पाठ करतील. हे ओळखून या कार्यक्रमाने परीक्षाही बदलून घेतली. लेखी परीक्षेत मुलांना पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा होती. त्यामुळे पाठांतरावर प्रश्न विचारणे निरर्थकच झाले. समजा, पाचसहा अनोळखी वनस्पतींच्या पानांची चित्रे देऊन विचारले की, यांपैकी कोणाची मुळे तंतुमय असतील आणि कशावरून, तर पुस्तक उघडे असून काय उपयोग? विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. याखेरीज प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. शासनाने आपल्या नियमित परीक्षेत हे मान्य केले, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

अखेर

जुलै २००२ पासून मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. साऱ्या राज्यात एकच अभ्यासक्रम व एकच पुस्तक असावे, हे एक कारण पुढे करण्यात आले. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी फेरविचाराची विनंती केली. निर्णय बदलला नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे मी म्हणणार नाही. नववीपासून पुढे पुस्तक व परीक्षा जुन्याच पद्धतीची होती. आपले मूल तीन वर्षे प्रश्न विचारावयास शिकले आणि मग बोर्डाच्या परीक्षेत पाठांतरात मागे पडले तर, अशी भीती पालकांना वाटली तर तो त्यांचा दोष नव्हे. ज्या घरातील पहिलेच मूल शाळेत जात आहे, त्या घराला मार्कांची चिंता अधिकच असते. परंतु या अडचणीवर उपाय वरच्या वर्गांत सुधारणा करणे हा होता. खालचे वर्ग पुन्हा जुन्या वाटेला नेणे हा नव्हे. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबते, याचा अर्थ शासनाच्या लेखी ते अखेरपर्यंत पाहुणेच राहिले, असा मी लावतो.

तथापि सगळेच वाहून गेले असे नाही. या कार्यक्रमाला आरंभीच्या काळात पाठबळ देणारे यशपाल हे पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष झाले, आणि मुलाने स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचावे हा विचार त्या आराखड्यात आला. आपल्या महाराष्ट्रातही याच टाटा संस्थेच्या आश्रयाने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत आणि मुंबईच्या महापालिका शाळांत काम केले. तेथील अभ्यासातून दिसून आले की, मागास वस्तीतील मुलांना विज्ञान जड जाते त्याचे एक मोठे कारण पुस्तकाची बोजड भाषा हे आहे. भाषा सोपी केली की आकलन सुधारते. भाषेच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. सोप्या, नेमक्या मराठीत विज्ञानाचा धडा लिहिणे हे आपल्यापैकी कोणाचे तरी काम आहे.

एकंदरीत विचार करता मला असे वाटते की, राज्यव्यापी सुधारणा टिकावयाची तर पुस्तक, शिक्षक आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आणि सर्व इयत्तांत बदलावयास हव्यात. पेटी विकत घेता येते. दर महिन्याला शिक्षकांना एकत्र बसण्यासाठी वेळ देणे हे अर्थसंकल्पात सहसा दिसत नाही, आणि माझ्या मते खरा खर्च तोच आहे. आपल्यापैकी जे उद्या वर्गात उभे राहतील त्यांना शासनाचे धोरण लगेच बदलता येणार नाही. परंतु मुलांना बांधावर नेऊन दहा रोपटी उपटून तक्ता करावयास कोणाची परवानगी लागत नाही. आणि एखाद्या मुलाने आपल्याला न येणारा प्रश्न विचारला, तर ‘मला माहीत नाही, आपण मिळून पाहू’ असे म्हणावयास विज्ञानाची पदवीही लागत नाही. होशंगाबादच्या शेकडो शिक्षकांनी तीस वर्षे हेच करून दाखविले.