मान ओझं सोसते, झटका नाही

मान दुखते म्हणून एखादी बाई तपासायला आली की गोळी लिहिण्याआधी मी विचारतो, पाणी कुठून भरता? शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात या उत्तरात अर्धं निदान असतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. हातपंपाला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. नळ पोचला नसेल, किंवा पोचूनही आठ-आठ दिवस येत नसेल, तर गोड पाणी लांबून आणावं लागतं. ते आणतात बाया, आणि आणतात डोक्यावर. ‘हंडा उचलला अन् चमक निघाली, तवापासून मान लय दुखून राह्यली’ हे वाक्य उन्हाळ्यात माझ्या कानांवर इतकं पडतं की पुढचं मी न विचारताच सांगू शकतो. पदर उजवीकडचा असो की डावीकडचा, हात मात्र खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यावरच जातो.

त्या कोपऱ्यावर का, ते समजून घ्या. मानेत सात मणके आहेत. त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं आयुष्यभर बसलेलं असतं. वरचे दोन मणके बाकीच्यांपेक्षा निराळे. पहिला, अ‍ॅटलास, म्हणजे नुसतं कडं. डोक्याची कवटी त्याच्यावर टेकते आणि ‘हो’ म्हणताना याच सांध्यावर डोलते. दुसऱ्यातून, म्हणजे अ‍ॅक्सिसमधून, एक हाडाची खुंटी वर निघते आणि पहिल्याचं कडं तिच्याभोवती फिरतं, जात्याची वरची तळी फिरते तसं. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं निम्मं वळण या एकाच जागी होतं. इथे मणक्यांमधली गादीसारखी चकती नाही. खुंटी जागेवर धरतात ते फक्त चिवट बंध. चकत्या सुरू होतात दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या मध्ये.

या सांगाड्यावर स्नायूंचे थर आहेत. सगळ्यांत वर ट्रॅपेझियस, कवटीच्या मागून निघून खांद्यांपर्यंत आणि खाली अर्ध्या पाठीपर्यंत पसरलेला. मान वळवल्यावर कानामागून छातीच्या हाडाकडे तिरपा दोरखंड उठून दिसतो तो स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड. नाव लांब, पण आरशात एका नजरेत सापडतो. कवटीच्या अगदी बुडाशी छोट्या स्नायूंच्या चार जोड्या असतात, त्या आखडल्या की डोकं मागून चढतं आणि माणूस ‘पित्ताचं डोकं’ म्हणून सोडा पीत बसतो. आणि मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत उतरतो तो लेव्हेटर स्कॅप्युली. आमच्या बायांचा हात जातो तो इथे.

आता हंडा डोक्यावर आहे तेव्हा काय होतं? ओझं सरळ खाली उतरतं, मणक्यांच्या रांगेतून. चुंबळ नीट बसलेली असेल, नजर समोर असेल, तर पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी ताणून मानेचा खांब उभा धरतात. वारीत तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन मैलोनमैल चालणारी बाई याच बळावर चालते. 1986 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात पूर्व आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू बायांवरचा एक अभ्यास छापून आला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं त्या डोक्यावरून नेत, आणि शरीराला त्याची जादा ऊर्जा जवळजवळ लागतच नसे. पुढच्या काळात दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अभ्यासांत ही किमया सगळ्यांना साधत नाही असं दिसलं, आणि डोक्यावर ओझं घेणाऱ्या बायांच्या मानदुखीची नोंदही झाली.

आपल्याकडचा हिशेब करू. पंचेचाळीस किलोच्या बाईचा पाचवा हिस्सा नऊ किलो. पंधरा लिटरचा हंडा भरला की पाणीच पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळं, वर कळशी असेल तर आणखी. म्हणजे ज्या ओझ्याचं कौतुक झालं त्याच्या दुप्पट ओझं आमची बाई रोज नेते, तेही कधी रिकाम्या पोटी. ‘सवय असते त्यांना’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. सवय सहन करण्याची होते, चकतीला सवय होत नाही.

तरी खरी दुखापत चालताना फार कमी होते. ती होते हंडा जमिनीवरून डोक्यावर चढवताना आणि उतरवताना. त्या क्षणी मान मागे गेलेली, एका बाजूला कललेली, हात डोक्याच्या वर आणि वजन अंगापासून लांब असतं. म्हणून पहिली सूचना: एकटीने चढवू-उतरवू नका. दुसरी बाई असेल तर उत्तम, नसेल तर कमरेइतक्या ओट्यावर हंडा आधी ठेवा, मग गुडघ्यात वाकून त्याच्या खाली या. दोन हंड्यांची उतरंड शक्यतो टाळा. वजन जितकं उंच तितकं सावरायला स्नायू जास्त राबतात. एक मोठा हंडा नेण्यापेक्षा दोन खेपा बऱ्या, हे सांगताना वेळ कुणाकडे आहे हे मलाही ठाऊक आहे. घरात सायकल किंवा मोटारसायकल असेल तर तिच्यावर कॅन बांधून आणण्याचं काम पुरुषांनी करावं. डॉक्टरच्या सल्ल्यात हे बसत नाही असं कुणाला वाटेल, पण मानदुखीवर याहून गुणकारी औषध माझ्याकडे नाही. अंगणात रोज येणारा नळ हे त्याहून मोठं औषध; ते लिहून देण्याचा अधिकार माझा नाही, ग्रामसभेत मागण्याचा तुमचा आहे.

खामगावच्या बाजार समितीत सोयाबीनचे कट्टे वाहणाऱ्या हमालांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचं ओझं डोक्यापेक्षा मान आणि पाठीच्या जोडावर बसतं, मान पुढे ढकलली जाते. तिथे दुखणं मानेच्या खालच्या मणक्यांत येतं आणि हातात उतरतं.

ओझं न उचलणाऱ्यांची मानही दुखते, मोबाइलमुळे. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 साली गणिती प्रतिमानावरून मांडलं होतं की मान साठ अंश पुढे झुकवली तर तिच्यावरचा ताण सुमारे 27 किलोपर्यंत जातो. ही आकडेमोड आहे, कुणाच्या मानेत काटा लावून केलेलं मोजमाप नाही. तेव्हा आकड्याला घाबरू नका. मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर आणा, इतकंच.

मानेचा एक्स-रे काढला की कागदावर काहीतरी निघतंच. मग घरात बातमी जाते, ‘मणक्यात गॅप आलाय’. हा ‘गॅप’ शब्द ऐकून धडधाकट माणसाने शेतात जाणं सोडल्याचं मी पाहिलंय. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या 1,211 लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा 87.6 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. त्यात विशीतली माणसंही होती, आणि त्यांच्यातही बहुतेकांच्या. केस पांढरे होतात तितकंच हे स्वाभाविक. फोटोवर नव्हे, तुमच्या हातापायांच्या ताकदीवर उपचार ठरतात.

रात्रीत आखडलेली मान बहुधा आठवडाभरात आपोआप सुटते. कोरडा शेक द्या. दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत मान हळूहळू हलवत राहा. पट्टा लावून महिनोन्महिने फिरू नका, स्नायू आणखी दुबळे होतात. दुखणं ओसरलं की दोन साधे व्यायाम करा. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे खेचायची, पाच आकडे मोजायचे, दहा वेळा. मग तळहात कपाळावर ठेवून डोकं न हलवता हाताला रेटायचं. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. करताना हाताला मुंग्या आल्या तर थांबा.

दुकानातून मागून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मात्र मी कडक आहे. डायक्लोफिनॅक आणि तिच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या माणसाला तर जास्तच. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षं आहे. रोज एक लाल गोळी खाऊन हंडे वाहणारी बाई मान वाचवता वाचवता किडनी घालवू शकते. साधी पॅरासिटामॉल, तीही मापात, आणि दोन-चार दिवसांपलीकडे लागली तर दवाखान्यात.

आता झटक्याविषयी. सलूनमध्ये दाढी-कटिंग झाली की चंपी होते, आणि शेवटी कारागीर हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात धरून मान मोडतो. कट्ट आवाज येतो, गिऱ्हाईक खूश. मान ‘बसली’ असं समजतात. बसत काही नाही. 2015 साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटाचे सांधे एमआरआय यंत्रात ओढून पाहिले. आवाज येतो त्या क्षणी सांध्यातल्या द्रवात एक पोकळी तयार होते. आवाज त्या पोकळीचा, हाड जागेवर आल्याचा नव्हे. थोडा वेळ हलकं वाटतं हे खरं, म्हणूनच लोक पुन्हा पुन्हा मोडून घेतात.

पण मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूला भोकं असतात, आणि त्यांतून दोन्हीकडून एक-एक धमनी वर चढते. ती पहिल्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरते आणि लहान मेंदूला, मेंदूच्या देठाला रक्त पुरवते. निम्मं वळण जिथे होतं, त्याच जागी हा वळसा आहे. गाफील मानेला झटका दिला तर धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. तिथे गुठळी धरते आणि वर मेंदूत जाते. मग लकवा, तोही चाळिशीच्या आतल्या माणसाला. हे क्वचित होतं. पण पन्नास रुपयांच्या मालिशीसोबत फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी इतकाही धोका का घ्यावा? 1993 साली अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यावर पक्षाघात झालेल्या पाच बायांची नोंद केली होती. तिथे झटकाही नव्हता, नुसती मागे ताणलेली मान. तेव्हा चंपी खुशाल करून घ्या, पण खुर्चीत बसतानाच सांगा, ‘मान मोडायची नाही.’ हाडवैद्याकडेही हेच.

मान मोडून घेतल्यावर किंवा झटका बसल्यावर त्याच दिवशी, कधी काही दिवसांनी, मानेच्या मागे एका बाजूला कधी नव्हे असं दुखू लागलं आणि चक्कर, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळताना ठसका यांतलं काही आलं, तर कांदा हुंगवत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि संग्रामपूरहून अकोल्याला पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

आणखी काही खुणा थांबण्यासारख्या नाहीत. शर्टाची बटणं लागेनाशी होणं, चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणं, लघवीवरचा ताबा जाणं : मज्जारज्जूवर दाब आल्याची ही लक्षणं. ताप, उलटी आणि ताठ मान एकत्र आली तर मेंदूज्वर असू शकतो. आणि श्रम केले की जबडा-मान दुखते, बसलं की थांबते, असं असेल तर आधी हृदयाचा ईसीजी काढा.

सोयाबीन काढणीच्या दिवसांसाठी एक शेवटची गोष्ट. धूळ उडते म्हणून तोंडाला ओढणी किंवा दुपट्टा गुंडाळून बाया-पोरी थ्रेशरजवळ उभ्या राहतात. टोक पट्ट्यात सापडलं तर फास बसून मानेचे मणके सरकतात, श्वासनळी चिरडते. मळणीला ओढणी नकोच. रुमाल बांधायचा तर टोकं कपड्याच्या आत खोचा, वेणीचा अंबाडा घाला. अपघाताचंही सांगून ठेवतो: राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात मोटारसायकल घसरली, बैलगाडीवरून कुणी डोक्यावर पडलं, विहिरीत कोसळलं, तर बखोटीला धरून उचलून बसवू नका, तोंडाला पाणी लावू नका. एकाने डोक्यामागे बसून दोन्ही हातांनी डोकं आहे त्या स्थितीत धरायचं आणि मदत येईपर्यंत सोडायचं नाही. हलवणं भागच असेल तर डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून, तिघा-चौघांनी एकाच वेळी, फळीवर किंवा दाराच्या पल्ल्यावर घ्या. आणि 108 ला फोन लावाल तेव्हा गाव सांगून झालं की लगेच सांगा, मानेला मार आहे.